दोघांचं रूप

बाबा,

हे तुम्हाला आता वाचता येणार नाही, म्हणूनच लिहिते आहे.

प्रोटेस्टंट धर्मोपदेशक ट्रुबारबद्दल माझी तक्रार नाही. नांगर धरणाऱ्यांना त्यांच्या स्लोव्हेन बोलीत पहिलं पुस्तक त्याने दिलं, तेही परागंदा असताना. आपला देश कॅथलिक, तरी धर्मसुधारणेच्या दिवशी सुट्टी असते. त्या दिवशी तुम्ही त्याच्यावर करायचात ते भाषण मला नेहमी पटायचं.

एका वर्षी भाषणानंतर पाहुण्यांना पोतित्सा, म्हणजे अक्रोडाचा गोड रोल, वाढताना आई तुमचं नाव घेत म्हणाली, "आम्ही घरीच केली, सिरिलने आणि मी." बोस्नियातून आलेल्या आईला आपल्या भाषेतलं, फक्त दोघांसाठीचं द्विवचन जमत नसे, तिने अनेकवचन वापरलं.

"ऐकलंत? दोघांचा हिने तांडा केला!" तुम्ही हसलात. "म्हण, सेनादा, परत म्हण."

तिने पाच वेळा म्हटलं. त्यानंतर ती चारचौघांत कधी बोलली नाही.

काल, पक्षाघाताच्या झटक्यानंतर प्रथमच, तुम्ही पूर्ण वाक्य बोललात. गेलेल्या आईच्या फोटोकडे बघत म्हणालात, "आम्ही सुखी होतो." क्रियापद अनेकवचनी होतं.

मी वाचा-उपचार करते. अशा वेळी रुग्णाला अडवायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

"दोघांचं रूप, बाबा. परत म्हणा," मी म्हणाले.

तुम्ही अकरा वेळा प्रयत्न केलात. मग रडलात. मी वहीत वेळ लिहिली.

आज सकाळपासून तुम्ही बोलत नाही. मीठ हवं असलं तरी बोट दाखवता. उपचाराच्या नियमाप्रमाणे मी आधी तुमच्याकडून शब्द मागायला हवा. मी मीठ देते.

तुमची मुलगी,
येर्नेया