शेजारची भुशाची शेगडी

३ जून, मंगळवार

शेजारच्या एवारिस्तोकडे आज नवी शेगडी आली. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी. सरकारी योजना आहे: आपली जुनी लाकडाची शेगडी द्यायची, ते ती मोडीत काढतात आणि ही बसवून देतात. धूर नाही, राख चमचाभर, वर रिमोट. दारावर हिरव्या पानाचं स्टिकरही लावून गेले. ‘या घरात स्वच्छ हवा राहते.’ म्हणजे बाकीच्या कोयाइके गावात काय, डुकरं राहतात?

अर्ज मीही केला होता. माझी निवड झाली नाही, म्हणजे खरं तर मीच होऊ दिली नाही. अर्जासोबत योजनेतल्या चुकांवर एक सविस्तर टिपण जोडलं होतं. एवढं स्पष्ट बोललेलं सरकारला झेपत नाही.

मला मत्सर वगैरे काही वाटत नाही. फक्त नोंद.

माझी बायको ऑर्फेलिना ‘नुसती बघून येते’ म्हणून गेली ती जेवायच्या वेळी उगवली. म्हणाली, "अरे म्हाताऱ्या, बटण दाबलं की पेटते! आणि तिथे मला एकदासुद्धा खोकला आला नाही." मी म्हणालो, खोकला हा हवेचा नाही, सवयीचा प्रश्न आहे. त्यावर ती खोकली.

४ जून, सकाळी

संकल्प. चिलीच्या या दक्षिण टोकाला जूनमध्ये सुरू होणारा हा हिवाळा संपूर्ण हिरवा काढायचा. सरकारची मदत नको, रिमोट नको. आपल्याच शेगडीत, आपल्याच लाकडावर, धुराशिवाय आग. नगरपालिकेच्या उद्यान खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला झाडाचं लाकूड शिकवायला दाताचा डॉक्टर नको.

एवारिस्तो रिटायर्ड डेंटिस्ट आहे. विधुर. स्वतःचे सगळे दात शाबूत, आणि ते दाखवायची हौस. मागे त्याने ऑर्फेलिनाची दाढ काढली होती. तेव्हापासून ती त्याच्यासमोर आ वासूनच असते.

विजेचा हीटर आजपासून बंद. टेबलाखालचा छोटा तेवढा चालू ठेवला आहे, पण तो फक्त गुडघ्यांसाठी. गुडघे पर्यावरणात धरत नाहीत.

११ जून

सरपण ओलं आहे, हे मान्य. इथे सगळे जानेवारीतच, उन्हाळ्यात, लाकूड घेऊन रचून ठेवतात. मी मे महिन्यात घेतलं. कारण जानेवारीत मी ‘सरपण वेळेवर वाळवा’ अशी लेखमाला लिहीत होतो. वर्तमानपत्राने छापली नाही. नुकसान त्यांचं.

आज शेगडी पेटवली तर ओंडके फुसफुसायला लागले, टोकातून फेस. घरभर धूर. ऑर्फेलिनाने खिडक्या सताड उघडल्या, म्हणजे सगळी ऊब बाहेर. मग कोट घालून म्हणाली, "मी जरा डॉन एवारिस्तोकडे बसते. छातीत घुरघुरतंय." डॉक्टरनेही तिला धुरात बसू नका म्हणून सांगितलं आहे म्हणे. मला कोणी सांगितलं नाही.

दुपारी कुंपणाजवळ सहज उभा होतो. त्यांच्या खिडकीतून दिसलं. दोघं शेगडीपुढे, ‘माते’ या आमच्या कडू पानांच्या चहाचा भोपळ्याचा पेला दोघांत एक, नळी एक. आता माते आम्ही सगळेच असे पितो. तीच नळी हातोहात फिरते. पाव्हणा असो की पोस्टमन. मीसुद्धा पितो. त्यात काही नाही. पण ती नळी जरा जास्तच वेळ तोंडात ठेवत होती.

१९ जून

आमच्याकडे ऑर्फेलिना मातेची एक फेरी घेते आणि ‘आभार’ म्हणते. ‘आभार’ म्हटलं की पुरे, पुढची फेरी नको. तिथे ती ‘आभार’ म्हणताना मी पाहिलेली नाही. आणि मी बराच वेळ पाहत होतो. गाडीत बसून. इंजिन चालू ठेवावं लागलं, कारण काचांवर वाफ धरते.

त्या शेगडीवर थोडा अभ्यास केला. गोळ्या येतात कुठून? उत्तरेतून, ट्रकने आणि मग बोटीने. ट्रक कशावर चालतो? डिझेलवर. शेगडीचा पंखा कशावर? विजेवर. आणि वारा-पाणी कमी पडलं की इथली वीज कशावर? पुन्हा डिझेलवर. म्हणजे एवारिस्तोच्या दिवाणखान्यात जी जळते ती डिझेलची बोट आहे. फक्त धुराडं दुसऱ्याच्या गावात.

हे सगळं ऑर्फेलिनाला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरोबर असेल तुझं. मी शाल घेऊन जाते, तिकडून येताना गार लागतं."

२५ जून

पद्धत सापडली. माझंच नाव दिलं: ‘निबाल्दो पद्धत’. प्रत्येक ओंडका शेगडीभोवती उभा करायचा आणि दिवसातून दोनदा कूस बदलायची, आजाऱ्यासारखी. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. माझा एक मोजा जळला. वैज्ञानिक कामात एवढं होतंच.

ऑर्फेलिना म्हणाली, "जेवण कुठे मांडू, लाकडांच्या डोक्यावर?" आणि दोन ताटं झाकून त्यातलं एक घेऊन गेली. मागे राहिलं ते माझं. दुसरं कोणाचं, हे विचारलं नाही. मला माहीत आहे.

४ जुलै

यश! मागच्या अंगणातल्या आपल्या खोपीतून आणलेलं लाकूड आज असं पेटलं की बघत राहावं. फेस नाही, फुसफुस नाही. बाहेर जाऊन धुराड्याकडे पाहिलं: काही नाही, नुसती हवा थरथरतेय. ओंडके हलके झालेत आणि रंगही बदलला आहे, जरा लालसर. वाळल्यावर लाकडाचा स्वभावच बदलतो, हे आजवर कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि ऑर्फेलिना संध्याकाळी घरी होती. खोकली नाही. मातेच्या चार फेऱ्या झाल्या. जुन्या गोष्टी निघाल्या, तिच्या आईचा तो घोडा जो फक्त रविवारी लंगडायचा, वगैरे. तिला हसताना पाहिलं. मला फार बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

एवारिस्तोची जिरली.

१० जुलै

सगळा आठवडा उत्तम. ऑर्फेलिना रोज घरी. फक्त सकाळी ढकलगाडी घेऊन कुठेतरी जाते. विचारलं तर म्हणाली, बागेला खत आणते. बागेवर गुडघाभर बर्फ आहे, पण बायकांचं बागकाम कधी तर्काने चालत नाही.

एवारिस्तोच्या खोपीतलं सरपण मात्र झपाट्याने कमी होताना दिसतंय. नवी शेगडी आल्यावर त्याला लाकडाचा उपयोग काय? विकत असणार गुपचूप. बघा म्हणावं हिरवं पान.

१४ जुलै

वस्तीच्या कमिटीची मीटिंग. अध्यक्ष इल्सेबाई नेहमीप्रमाणे भुशाच्या शेगड्यांचं गुणगान करत होत्या. एवारिस्तोला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या! बटण दाबल्याबद्दल! मग मीही उभा राहिलो आणि म्हणालो, बाई, माझ्या धुराड्यातून गेले दहा दिवस धूर निघालेला नाही, सरकारची एक काडी न घेता. शनिवारी दुपारी या, प्रात्यक्षिक दाखवतो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवारिस्तो मात्र ऑर्फेलिनाकडे बघत होता. आणि ती जमिनीकडे.

घरी येताना ती म्हणाली, "नको रे हे प्रात्यक्षिक. जळतंय ना नीट? मग जळू दे की." मी म्हणालो, विज्ञान लपवून ठेवायचं नसतं. ती म्हणाली, "काही काही लपलेलं बरं असतं." तिला त्याच्या टाळ्या कमी होतील याची काळजी, दुसरं काय?

१९ जुलै, शनिवार, सकाळी

थंडी कडक, वारा अजिबात नाही. अशा दिवशी धूर गावावर गोधडीसारखा बसतो, म्हणून आज प्रदूषणाचा इशारा जाहीर झाला आहे. कोणाच्या धुराड्यातून धूर दिसता कामा नये. याहून चांगला मुहूर्त नाही.

ऑर्फेलिनाने खोपीतलं पुढचं लाकूड टोपलीत भरून ठेवलं होतं. मी ते परत नेऊन ठेवलं. उद्या कोणी म्हणायला नको की बायकोने निवडून दिलं. ताडपत्रीखालचं, अगदी मागचं, माझ्या हाताने घेतलं. कडक पुरावा हवा.

१९ जुलै, संध्याकाळी

लिहायची इच्छा नाही. पण रोजनिशी ही रोजनिशी.

अर्धी वस्ती आली होती. मी छोटंसं भाषण केलं आणि काडी लावली. आधी फुसफुस. मग फेस. मग दार बंद असूनही शेगडीच्या फटीफटीतून धूर. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "डॉन निबाल्दो, पांढरा धूर! पोप निवडला काय?" सगळं अंगण हसलं. इल्सेबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, आज इशारा आहे. विझवा आधी ते!" ऑर्फेलिना भिंतीला धरून खोकत होती.

तेवढ्यात एवारिस्तो ढकलगाडी घेऊन आला. गाडीत लालसर, हलकं लाकूड. माझे ओंडके चिमट्याने बाहेर काढले, स्वतःचे घातले. दोन मिनिटांत धूर थांबला. दात काढतो तशी शेगडी साफ केली मेल्याने.

ऑर्फेलिना म्हणाली, "त्याचंच होतं रे हे. तुझं ओलं लाकूड मला सोसत नव्हतं, आणि तुला सांगितलं असतं तर तू पेटवलं नसतंस. म्हणून रोज सकाळी आणत होते." हळूच सांगितलं तिने, फक्त मला. मी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "लाकडाबरोबर आणखी काय काय आणलंस त्याच्याकडून?"

कोणी हसलं नाही. इल्सेबाईंनी पर्स उचलली.

प्रयोग फसला याचं कारण उघड आहे: बाहेरच्या माणसाची ढवळाढवळ.

२३ जुलै

ऑर्फेलिना बोलत नाही. स्वयंपाक करते, ताट झाकते, जाते. झोपायला येते. मीही बोलायचं नाही असं ठरवलं आहे. बघू कोण आधी बोलतं.

२४ जुलै

मी आधी बोललो. मीठ कुठे आहे, एवढंच. तिने बोट दाखवलं.

१ ऑगस्ट

विचार करून एका निष्कर्षावर आलो. हा माणसांचा प्रश्न नाहीच, हा ऊर्जेचा प्रश्न आहे. मांजरसुद्धा जिथे ऊब तिथे जाऊन बसतं. त्यात निष्ठा, प्रेम वगैरे काही नसतं. ऑर्फेलिना त्याच्याकडे जात नाही, शेगडीकडे जाते. उद्या ती शेगडी नसेल, तर ती तिथे नसेल. हे लिहिल्यावर फार हलकं वाटलं.

पुढच्या वर्षीच्या योजनेचा अर्ज आणला आहे. फक्त अभ्यासासाठी. टिपण जोडणार नाही.

९ ऑगस्ट, शनिवार, दुपारी

वीज गेली!

सकाळपासून वादळ, आडवा बर्फ. डोंगराकडची लाइन पडली, दोन दिवस येणार नाही म्हणतात. वारा आहे म्हणजे प्रदूषणाचा इशाराही नाही. आणि वीज नाही म्हणजे पंखा नाही, पंखा नाही म्हणजे एवारिस्तोची शेगडी हे आता एक कपाट आहे. रिमोटवाला गेला बाराच्या भावात!

वाईट विचार करत नाही. उलट मोठ्या मनाने आग पेटवली आहे. त्याचं ते लालसर लाकूड खोपीत उरलं होतं, तेच घातलं. लाकडावर कोणाचं नाव नसतं. धूर अजिबात नाही. किटली चढवली, माते काढून ठेवली, तीन खुर्च्या शेगडीपुढे मांडल्या. तिसरी त्याच्यासाठी. काकडत येईल बिचारा, बसू दे कडेला. ऑर्फेलिना सकाळीच तिकडे गेली आहे. आता कुठल्याही क्षणी दोघं येतील.

त्याच दिवशी, चार वाजता

अजून आले नाहीत. बर्फामुळे असेल.

त्याच दिवशी, अंधार पडताना

मीच गेलो. दार एवारिस्तोने उघडलं. अंगावर ओव्हरकोट, त्यावर ब्लँकेट. म्हणाला, "या या, डॉन निबाल्दो! आत बाहेरपेक्षा थोडं जास्तच गार आहे." दात चमकत होते.

ऑर्फेलिना आत होती. कोट, टोपी, हातमोजे, पाय पोटाशी घेतलेले. मेणबत्ती. थर्मासमधलं कोमट पाणी घालून माते चालली होती. बोलताना तोंडातून वाफ येत होती.

मी म्हणालो, आपलं घर तापलंय, धूर नाही, किटली ठेवली आहे, चल.

म्हणाली, "दिसलं मला खिडकीतून. छान पेटवलीस."

"मग चल ना. इथे गारठशील."

"गारठलेच आहे. दात वाजतायत." आणि दोघं हसायला लागली. डेंटिस्टच्या घरात हे बोलायचं म्हणजे त्यांना काय मजा वाटली कोण जाणे.

मी विचारलं, "मग इथे आहे तरी काय आता?"

ती हसायची थांबली. खरंच विचार करत होती, हे मला तिच्या कपाळावरून कळतं. मग म्हणाली, "इथे मला कोणी काही पटवून देत नाही रे, म्हाताऱ्या."

रागाने नाही म्हणाली. तसं म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

परत आलो. आग फारच जोरात लागली होती. घर एवढं तापलं की शेवटी खिडकी उघडावी लागली. पण शेजारून त्यांचं हसणं ऐकू येत होतं, म्हणून पुन्हा लावून घेतली.