अंबूबाईंची दुसरी बाजू

॥ श्री ॥
तळेगाव, ता. ३ नोव्हेंबर १९३४

चि. चिंतामणीभावजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मामंजींचे कान फारच मंदावले आहेत. उरलंसुरलं ऐकू येणंही थंडीअखेर जाईल, असं डॉक्टर म्हणतात. मळवलीला स्टेशनमास्तर असताना त्यांनी भाज्याच्या अंबूबाईची भातकापणीची भलरी ऐकली होती. पुढे कंपनीवाल्यांनी तिला पुण्याला नेऊन ती तबकडीत भरली म्हणे. ती एकदा ऐकवा, मग कान खुशाल जाऊ देत, असा त्यांचा हट्ट आहे. काल फोनोच्या कर्ण्याला कान लावून बसले होते. त्यावर तबकडीच नव्हती, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

तुम्ही लोणावळ्यात पोरांना भूगोल शिकवता, तेव्हा शेजारचं भाजे सापडेलसं वाटतं. आशीर्वाद आहेतच; तबकडी आणलीत तर त्यात भर पडेल.

प्रमोदिनी

लोणावळे, ता. ११ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

एक तबकडी बजरंग मिठाईवाल्याकडे सापडली, पण उशिरा. गोल, सपाट वस्तू पाहून त्याने तिच्यावर गरम चिक्की थापली. आता दोन्ही एकजीव झाल्या आहेत. मी कड चाखून पाहिली. गोड आहे, पण सूर लागत नाही.

उद्या भाज्याला जातो. बाई आता हयात नसणारच, पण कै. अंबूबाईंच्या घरी एखादी असेलच. सांत्वनाचे चार शब्द पाठ केले आहेत. लोभ आणि फराळाचा डबा, दोन्ही यावेत.

चिंतामणी

लोणावळे, ता. १३ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

फजिती झाली. दारात भात पाखडणाऱ्या म्हातारीपाशी मी कै. अंबूबाईंबद्दल दुःख व्यक्त केलं. तिने सूप खाली ठेवलं आणि, मी कवा मेले ते मला कुनी सांगितलं न्हाई, असं म्हणाली.

तबकडी देव्हाऱ्यात होती. गावात यंत्रच नाही, त्यामुळे ती कधी वाजली नाही. दर दसऱ्याला विळ्या-कोयत्यांबरोबर पुजली मात्र गेली. मी उसना फोनो डोक्यावरून नेला होता. पिन पाहताच, आईच्या गळ्यात सुई खुपसू देनार न्हाई, म्हणून मुलगा महिपती आडवा आला. अंबूबाईंनीच त्याला गप्प केलं. पण खाचांत हळदकुंकू गच्च बसलेलं! नुसती घरघर निघाली. अंबूबाईंनी मन लावून ऐकलं आणि पुन्यात सर्दी झालती, असं कबूल केलं.

वहिनी, बाबांना काय सांगू? मला अंगणातच रडू फुटलं. म्हातारीने कारण काढून घेतलं आणि तळेगावची गाडी कवा सुटती, ते विचारलं. बाबांना सांभाळा, माझ्यावर लोभ ठेवा.

चिंतामणी

तळेगाव, ता. १८ नोव्हेंबर

चि. भावजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अंबूबाई आज महिपतीला घेऊन हजर झाल्या. समोर बसून गायल्या, पण मामंजींना काही ऐकू येईना. शेवटी मी फोनोचा कर्णा उपसला, निमुळतं टोक त्यांच्या कानाला लावलं आणि रुंद तोंड अंबूबाईंपुढे धरलं. पुन्याला बी ह्यातच वरडाया लावलं व्हतं, म्हणत त्यांनी असा आवाज लावला की परसातली कोंबडी शेजारच्यांकडे गेली.

मामंजींची बोटं मांडीवर ताल धरू लागली. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. गाणं संपताच, तबकडीअखेर नाव सांगायला कंपनीने शिकवलं होतं त्याप्रमाणे, मी अंबूबाई, भाजे, असं त्यांनी कर्ण्यात ठणकावून सांगितलं.

मामंजींनी डोळे न उघडताच, तबकडी झकास आहे, आता दुसरी बाजू लाव, असं फर्मावलं.

अंबूबाई उठल्या, पदर खोचला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि पुन्हा कर्ण्यासमोर बसल्या.

लोभ आहेच, तो या पत्रात मावायचा नाही. मिळेल त्या गाडीने निघा. तिसरी बाजू सुरू झाली आहे.

प्रमोदिनी