टोरांटोला पाच तास

सास्तूर, मंगळवार, संध्याकाळ

मुक्तानं आज तिकीट काढलं. माझी नात कायमची कॅनडाला चालली, आणि माझ्या मनात घोळतायत ते पाच तास.

नोकरी विनिपेगला. पण त्या देशात जिथं पहिल्यांदा उतरायचं, तिथंच राहण्याचे कागद तपासतात म्हणे. तिचा बाप म्हणाला, "व्हँकुव्हरला उतर, दीड तासात पुढचं विमान हाय." तिनं टोरांटो धरलं. तिथं मध्ये पाच तास.

"रांग लई मोठी निघाली तर?" म्हणाली, आणि माझ्याकडं बघून हसली. "आबा, येडशी आठवतं न्हवं?"

न आठवायला काय झालं? तिला परीक्षेला नेताना येडशी स्टेशनात मी डोंगराकडं बघत कविता म्हणत बसलो. गाडी आली आणि गेली. पोर रडली नाही. दुसरी गाडी येईस्तोवर तिनं ती कविता पाठ केली.

माझ्या वेंधळेपणातून एवढं शहाणपण घेतलं पोरीनं? ऊर भरून आला.

पाच तास. कागदांवर शिक्का बसला की उरलेल्या वेळात पोर तीच कविता म्हणणार आहे. सगळी कडवी, सावकाश.