वंदनाने भरलेली नोंद

प्रिय आकांक्षा,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून तू हे पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, अशी भीती वाटते. तरी फोड. नवीन जालन्यातलं आपलं ऑफिस अजून तिथंच आहे, बियाण्यांच्या गोदामाच्या वर. तुझ्या टेबलावर आता माझा भाऊ अर्पित बसतो. घरच्यांनी माझ्या लग्नाचा विषय सोडलाय. मी बरी आहे, असं लिहिणार होते, पण नाही.

आपण दोघींनी त्या चाळीस खाटांच्या दवाखान्यासाठी केलेला प्रोग्राम आठवतो ना? गेल्या महिन्यात तिथं मंठ्याकडच्या चतुराबाई पायाच्या जखमेसाठी दाखल झाल्या. एका इंजेक्शननं आपलं अंग सुजतं, असं त्यांनी वंदना नावाच्या नर्सला सांगितलं. वंदनाने दुपारी एकच्या सुमारास ते कॉम्प्युटरवर भरलं आणि लगेच वीज गेली. बॅटरीही चालली नाही. मशीन परत सुरू झालं तेव्हा वंदना दुसऱ्या पेशंटकडे होती, आणि दोनला तिची ड्यूटी संपली. तीनला दुसऱ्या नर्सनं पडद्यावर पाहिलं, तो रकाना रिकामा होता. तिनं तेच इंजेक्शन दिलं. चतुराबाईंची सून तृप्ती खाली पाणी आणायला गेली होती. ती वर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढचं तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. फाइल मेमरीत मॅप केली, म्हणजे मेमरीतल्या जागेशी जोडली, की आपण मेमरीत लिहितो, आणि ते फाइलमध्ये उतरल्यासारखंच दिसतं. दुसऱ्या प्रोग्रामनं उघडलं तरी दिसतं. डिस्कवर मात्र ते कधी लिहायचं, हे ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या सोयीनं ठरवते, आणि त्याआधी वीज गेली तर मेमरीतलं सगळं जातं. आत्ताच लिही आणि लिहून झाल्यावरच मला सांग, असं एमसिंक या आज्ञेनं मागितलं तरच भरवसा. पॉझिक्स स्टँडर्डमधलं, म्हणजे सिस्टीमच्या नियमावलीतलं, ते पान तू छापून भिंतीला चिकटवलं होतंस आणि मी हसले होते. मी दहा वेळा प्रोग्राम मधेच बंद पाडून दाखवला, दहाही वेळा नोंद जागेवर होती. असणारच. प्रोग्राम मेला होता, मशीन जिवंत होतं. तू म्हणालीस, प्लग काढून बघ. मी म्हणाले, एवढा वेळ कुणाला आहे?

एमसिंकची ती ओळ प्रोग्राममध्ये तू लिहिली होतीस, आकांक्षा. तिच्यामुळे प्रत्येक नोंदीला पडदा अडकायचा, डॉक्टर वैतागायचे, म्हणून मी ती काढून टाकली. तू भांडलीस, मेल लिहिलास, शेवटी पुण्याला गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं की तुला मोठ्या पगाराची नोकरी हवी होती.

दवाखान्यानं माझ्याकडे लेखी अहवाल मागितला. मी लिहिलं, प्रोग्राममध्ये दोष नाही, नोंद भरलीच गेली नसावी. वंदनाला निलंबित केलं. ती ऑफिसात आली, उभीच राहिली. म्हणाली, "मॅडम, मी भरल्तं. हिरवी खूण बी आल्ती. तुम्ही एकदा बराबर बघा ना." मी तिला चहा दिला आणि बघते म्हणाले. ती गेल्यावर मी पहिल्यांदा प्लग काढून बघितलं. दहापैकी सात वेळा नोंद गेली. तुझी ओळ परत घातली, मग एकदाही गेली नाही. आता गल्लीतल्या बायका वंदनाशी बोलत नाहीत. तिच्या आईनं मला फोन करून एवढंच विचारलं, "पोरीनं खरंच भरलं न्हाई का हो?" मी फोन ठेवला.

सोमवारी वंदनाची चौकशी समितीपुढे सुनावणी आहे. खरं सांगायला मी जाणार आहे. अर्पित म्हणतो, ऑफिस बुडेल. बुडू दे. पण तिथं कुणी सहानुभूतीनं विचारलं की हे तुम्हाला ठाऊक नव्हतं ना, तर मी ‘नव्हतं’ म्हणून मान हलवीन. मी तशीच आहे. म्हणून हे पत्र. "वीज गेली तर नोंद जाईल आणि एखादा पेशंट मरेल," असं तू त्या मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतंस. माझ्याकडचा तो मेल मी चतुराबाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुसून टाकला. तुझ्याकडे असेल. तो मला पाठवू नकोस. थेट समितीला पाठव, पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. सोमवारच्या आत.

तुझीच म्हणवून घ्यायला लाज वाटणारी,
रितिका