परतीचं वाण

जबलपूर,
शुक्रवार, २१ जानेवारी १९७२

प्रिय शरयू,

तुझं रथसप्तमीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण आज सकाळी जीपमधून आलं. जीपवर कर्णा होता आणि ड्रायव्हरने तो बंद केला नव्हता. त्यामुळे शाळेच्या फाटकाशी तुझं आमंत्रण आणि तुझ्या नवऱ्याचा जयजयकार एकदमच पोचले. वर्गातल्या मुली हसल्या. मी हसले नाही. मुख्याध्यापिकेला परवडत नाही. ड्रायव्हरला चहा देऊन पाठवला. आमंत्रणाखाली तू हाताने लिहिलं आहेस, ‘या वेळी तरी येशील ना?’ येणार आहे. गेली सहा वर्षं तुझ्या घराची पायरी चढले नाही, पण या रविवारी नक्की येणार आहे.

आमंत्रण वाचताना मला नागपूरचं वसतिगृह आठवलं. वरणात अळ्या निघायच्या आणि आम्ही सगळ्या मुकाट्याने त्या बाजूला काढून जेवायचो. बी.ए.ला बसलेल्या, मोठमोठी पुस्तकं वाचणाऱ्या, आणि रेक्टरबाईंपुढे उभं राहायची एकीची हिंमत नाही. तू एक दिवस भरलं ताट उचललंस, तरातरा चालत गेलीस आणि त्यांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवर ठेवलंस. म्हणालीस, “बाई, एक घास घ्या.” एवढंच. दुसऱ्या दिवसापासून डाळ निवडली जाऊ लागली. मी त्या दिवशी ठरवलं की ही मुलगी माझी मैत्रीण. मैत्रीण म्हणून मी आयुष्यात एवढी एकच व्यक्ती निवडली, बाकीच्या वाट्याला आल्या.

मग तू भय्यासाहेबांशी लग्न केलंस. मी खूश झाले होते, हे नाकारत नाही. बेचाळीसचा तरुण, खादी, तुरुंगातून नुकताच सुटलेला. तेव्हा तो तुरुंगवास काही आठवड्यांचा होता. पुढे दर निवडणुकीला तो थोडा थोडा वाढत गेला. परवाच्या भाषणात तो दोन वर्षांवर आला आहे. आणखी एकदा निवडून आले तर जन्मठेप होईल. वीस वर्षं ते आमचे आमदार आहेत. या वीस वर्षांत माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेचा पाया त्यांनी दोनदा घातला, भिंत एकदाही उठली नाही. बरगीच्या गावकऱ्यांना सांगतात, धरणात तुमची वीतभर जमीन जाणार नाही. शहरात येऊन सांगतात, धरण झालं की नळाला दिवसभर पाणी. सदुसष्टात उपमंत्रिपदासाठी एका वर्षात दोनदा पक्ष बदलला. मोटार तीच, ड्रायव्हर तोच, फक्त पुढचा झेंडा बदलला. लोक हसले आणि विसरले. मी इतिहास शिकवते. विसरणं माझ्या पोटापाण्याच्या विरुद्ध आहे.

तुझं हळदीकुंकूसुद्धा त्यांनी सोडलं नाही. एरवीच्या वर्षी तू वाण म्हणून कंगवा द्यायचीस, नाहीतर कुंकवाची डबी. निवडणूक नेमकी संक्रांतीनंतर येते, म्हणून निवडणुकीच्या वर्षी स्टीलची वाटी. कॉलनीतल्या बायका वाटी हातात पडली की म्हणायच्या, “चला, मतदान आलं.” आपल्याकडे भांड्यावर नाव घालतातच, त्यात काही वावगं नाही, पण सदुसष्टच्या वाटीवर तुझं नाव नव्हतं. ‘आमदार भय्यासाहेब’ असं ठोकलेलं होतं. शेजारची भानुमती ती उलटीसुलटी करून म्हणाली, “काहून बाई, आता कुंकू पण तेच लावून राहिले का?” त्या वर्षी मी आले नव्हते, तरी तू वाटी घरी पाठवलीस. मी तिच्यात टाचण्या ठेवते.

मी का आले नव्हते ते तुला ठाऊक आहे. तरी आज एकदा लिहून काढते, कारण आपण दोघींनी ते कधी उच्चारलेलं नाही.

तुझा भाऊ शैलेंद्र तेव्हा कानपूरला असायचा, म्हणून भाऊबीजेला तू माझ्या भावाला, चंदूला ओवाळायचीस. पुढे शैलेंद्र इथे आला, इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्याला चामड्याचा माल पुरवू लागला, तेव्हापासून दोघेही तुझ्यापुढे पाटावर शेजारी शेजारी बसायचे. चंदू तुला ‘शरयूताई’ म्हणायचा आणि मला नुसतं ‘ताई’. मला त्याचा थोडा रागही यायचा. तो कारखान्यात सुपरवायझर होता, ज्या विभागाला सगळे ‘बारूद’ म्हणतात तिथे. त्या विभागात शिरताना जमिनीवर लाल पट्टा आहे. पट्ट्याच्या अलीकडे आपले बूट, किल्ल्या, अंगठी, सगळं काढून ठेवायचं आणि पलीकडे आतले बूट घालायचे. आतल्या बुटाला लोखंडाचा खिळा चालत नाही, नुसती शिवण आणि लाकडी खुंट्या. एक ठिणगी पुरे असते. माणसांच्या पायांतले बूट तपासायचं काम चंदूचं.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली आणि कारखाना रात्रंदिवस चालू लागला. एक दिवस चंदू कोटाखालून बूट घेऊन घरी आला. टाचेचं वरचं पातळ चामडं झिजलं होतं आणि खाली खिळ्यांची डोकी चमकत होती. मला म्हणाला, “ताई, हे पाह्य. याच्यावर उभे राहून माणसं बारूद भरून राहिली ना!” वर तक्रार करून झाली होती, पण नवे बूट येईपर्यंत हेच घाला, असं उत्तर मिळालं होतं. म्हणून तो बूट वर्तमानपत्रात गुंडाळून तुमच्या घरी गेला. भय्यासाहेब कामगार युनियनचे अध्यक्ष, आणि बूट पुरवणारा त्यांचा मेहुणा. त्याला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे.

परत आला तेव्हा हसत होता. त्याच्या बायकोने, कुंदाने ताट वाढलं आणि तो सांगत बसला. भय्यासाहेबांनी बूट पाहिला आणि म्हणाले, “अरे चंदू भैया, अभी जंग चल रही है. आत्ता कुरकूर करायची वेळ आहे का? आपलेच लोक आहेत, पाहू, बदलून घेऊ.” तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस. बैठकीतल्या गोल टेबलावर बूट उलटा पडलेला होता. तू म्हणालीस, “अय्या, टेबलावर बूट काय ठेवता रे,” आणि तो उचलून खाली ठेवलास, पदराने टेबल पुसलंस. चंदू म्हणाला, “शरयूताईच्या बोटाला खिळा टोचला, तर तिनेच मला सांगितलं, जपून रहा बाबा.”

पुढच्या आठवड्यात स्फोट झाला. त्या पाळीतलं कुणी घरी आलं नाही.

चौकशी समिती बसली. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून भय्यासाहेब तिच्यावर होते. समितीने काय ठरवलं? बुटांना खिळे होते, हे समितीनेच मान्य केलं. पण दोष पुरवठादाराचा नाही, कारण एखाददुसरा खराब माल कुठेही येतो. दोष सुपरवायझरचा. चंद्रशेखर यांनी बूट तपासले नाहीत, निष्काळजीपणा केला. शरयू, जो माणूस तो बूट कोटाखाली लपवून तुमच्या टेबलापर्यंत घेऊन आला, तो निष्काळजी! आणि ज्यांच्या टेबलावर तो ठेवला गेला, त्यांनी त्यावर सही केली. मी तेव्हा प्रत्येक दार ठोठावलं. सगळ्यांनी एकच विचारलं, चंदूने बूट आणला होता याला साक्षीदार कोण? मी तुझं नाव घेतलं की ते खुर्ची मागे सरकवून उभे राहायचे. आमदारांच्या पत्नीला बोलवायचं कुणी?

कुंदाचं क्वार्टर गेलं, पेन्शन कापलं गेलं. ती आता माझ्या शाळेत शिवण शिकवते. तुझ्या हळदीकुंकवाला तिला आमंत्रण नसतं, हे मी वेगळं सांगायला नको. तुझ्या त्याच घरी शैलेंद्र मात्र दर भाऊबीजेला येतो. ओवाळून घेणारे दोन होते, आता एक आहे. ताट हलकं झालं असेल.

हे सगळं गिळून मी सहा वर्षं शाळा चालवली. पण गेल्या महिन्यात पुन्हा लढाई झाली, जिंकली, आणि ओमतीच्या चौकात विजयसभा भरली. त्याच्या आदल्या दिवशी तुमचे कार्यकर्ते कुंदाकडे आले आणि चंदूचा फोटो मागून घेऊन गेले. तिला वाटलं, काही चांगलं होत असेल. दोरीच्या मागे गर्दीत उभी राहून तिने पाहिलं, व्यासपीठावर भय्यासाहेबांनी फोटोला हार घातला, डोळे पुसले आणि घोषणा दिली, “शहीद चंद्रशेखर अमर रहे!” लोकांनी तीनदा साथ दिली. फोटो अजून परत आलेला नाही. घरी येऊन तिने पदर खोचला, कणीक भिजवायला घेतली आणि मला विचारलं, “ताई, शहीद आहेत तर निष्काळजी कसे? आणि निष्काळजी आहेत तर हार काहून घातला?”

आणि मग माझी जुनी विद्यार्थिनी ज्योती आली. तिचा नवरा विनय आज त्याच विभागात, चंदूच्याच जागेवर आहे. तिच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बूट होता. मी उघडण्याआधीच मला कळलं. टाच कापलेली होती, आत खिळे. शिक्का शैलेंद्रच्याच कंपनीचा. विनय भय्यासाहेबांना भेटून आला होता. ज्योती म्हणाली, “बाई, ते म्हणाले, आधी लढाई होऊन जाऊ दे. लढाई झाली. आता म्हणून राहिले, निवडणूक होऊन जाऊ दे.” ती रोज सकाळी त्याला डबा देते आणि पाळी सुटेपर्यंत खिडकीत उभी असते.

म्हणून मी वाट्या गोळा केल्या. गेले आठ दिवस शाळा सुटली की कॉलनीत घरोघर गेले. मला वाटलं होतं बायका घाबरतील, कारण घेतलेलं वाण परत करत नाहीत. एकदा घेतलं की घेतलं. परत करणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर थुंकणं. मी हे प्रत्येकीला आधी समजावून सांगितलं. भानुमतीने फडताळ उघडलं, वाटीतली मोहरी दुसऱ्या डब्यात ओतली आणि वाटी माझ्या पिशवीत टाकली. म्हणाली, “बरं झालं, नाव घालून दिल्या. कोणाच्या आहेत हे विचारायला नको.” नवरे कारखान्यात नोकरीला आहेत, तरी दिल्या. ज्यांचे नवरे त्या विभागात आहेत त्यांनी आधी दिल्या.

मी निवडणुकीला उभी राहणार नाही. तसं सुचवून पाहिलं काही जणांनी. मला त्यांची खुर्ची नको आहे, मला त्यांना खुर्चीवरून पडताना बघायचं आहे, आणि तेही त्यांच्याच अंगणात, त्यांनी बोलावलेल्या पाहुण्यांसमोर. मनाचा मोठेपणा वगैरे मी मुलींना निबंधाला देते. माझ्याकडे तो शिल्लक नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. वाट्या परत करायला तुला आधी कळवायची गरज नव्हती. अचानक आलो असतो तर जास्त शोभलं असतं. पण त्या दिवशी त्या बैठकीत तिघंच होती. एक गेला, एक खोटं बोलतो, आणि तिसरी तू आहेस. रविवारी चार वाजता आम्ही येऊ, कुंदा सगळ्यांच्या पुढे असेल. गोल टेबल अजून तिथेच आहे, हे मी ड्रायव्हरला विचारून घेतलं. ज्योतीचा बूट त्यावर ठेवू. सगळ्यांसमोर तू सांगायचं, पासष्ट साली चंदूने इथे काय आणून ठेवलं होतं आणि कुणी काय उत्तर दिलं. सांगितलंस, तर वाट्या आम्ही जशा आणल्या तशा घरी नेऊ. तुझ्या हातचं वाण म्हणून वापरू. गप्प राहिलीस किंवा बूट पुन्हा उचलून खाली ठेवलास, तर प्रत्येक बाई आपली वाटी तुझ्या ओसरीच्या फरशीवर टाकेल आणि तो आवाज नेपियर टाउनच्या रस्त्यापर्यंत जाईल. वर्तमानपत्रवाल्यांना मी बोलावलं आहे. भय्यासाहेबांसाठी मी दोन्हीकडून वाट बंद केली आहे. तुझ्यासाठी एक उघडी ठेवली, ती वसतिगृहातल्या त्या ताटासाठी. हे पत्र टपालाने पाठवत नाही, तुमच्याकडे टपाल आधी कोण उघडतं ते मला माहीत आहे. कुंदा स्वतः घेऊन आली आहे. तू हे वाचत असताना ती तुझ्या दाराबाहेर, पायरीच्या खाली उभी आहे. मी तिला सांगितलं आहे, आत बोलावल्याशिवाय जाऊ नकोस आणि पत्र वाचून होईपर्यंत हलू नकोस. ती कपाळाला कुंकू लावून परत येते की तशीच, एवढ्यावरून मला रविवारचं कळेल.

रविवारी चारपर्यंत तरी तुझीच,
प्रमोदिनी