प्रांजलच्या टाचा

निमोणे, ता. शिरूर
मंगळवार

प्रिय करिश्मा,

दादाचं पत्र बघून दचकू नकोस. आबांचा खोकला सोडला तर घरी सगळी धडधाकट आहेत. फोन का नाही केला म्हणशील. दोनदा केला होता की! तू "बोल की दादा" म्हणालीस आणि मी एकदा शेवंतीवरच्या किडीचं सांगितलं, एकदा दाजींची कुठली शिफ्ट चालू हाय ते विचारलं. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून प्रांजलच्या वहीची पानं फाडून लिहायला बसलोय. माझं डोकं सध्या पार गरगरलंय, तेव्हा मागचं पुढं आणि पुढचं मागं झालं तर सांभाळून घे.

प्रांजलच्या टाचांपासूनच सुरुवात करतो. गणपती उठले आणि तुझ्या वैष्णवीवहिनीच्या ध्यानात आलं की पोरगी टाचा टेकवत नाही. दात घासताना चवड्यांवर, ओट्यापाशी चवड्यांवर, शाळेत प्रार्थनेलासुद्धा चवड्यांवर. आईनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. शेजारच्या साखरबाई म्हणाल्या, त्यांच्या नणंदेच्या पोराचं असंच झालेलं, शीर आखडती म्हणे. झालं, वैष्णवीनं डोळ्याला पदर लावला. मी फुलांचा तोडा अर्धा टाकून पोरीला शिरूरला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी फोटो काढला, गुडघ्यावर हातोडी मारली, चालायला लावलं, तर ही टाचा टेकवून झकास चालली. डॉक्टर म्हणाले, अगं, मग घरी काय होतं तुला? तर म्हणते, "मॅडमनी सांगितलंय. रोज शंभर वेळा." कोण मॅडम? मी डॉक्टरांकडं बघतोय, डॉक्टर माझ्याकडं.

तुला ठाऊक आहे, रविवारी मी रांजणगावला देवळापाशी फुलं टाकतो. जूनपासून प्रांजल गाडीवर माझ्या मागं बसून यायची. तिथं कंपनीवाल्यांची एक सोसायटी आहे, तिच्या गेटवर आईच्या माहेरचे म्हाळूमामा वॉचमन आहेत. तिला मामांजवळ बसवून मी दुकानं उरकायचो. आतल्या हॉलमध्ये पोरींचा काही क्लास चालतो एवढं माहीत होतं. मला वाटलं संस्काराचं काही असंल, श्लोकबिक. मामांना वाटलं मी तिला क्लासलाच आणतोय, त्यांनी पहिल्याच रविवारी तिला आत नेऊन बसवलं. आणि मॅडमना वाटलं ही वॉचमनची नात. तीन महिने असं चाललं, बोल आता! मी परत येताना विचारायचो, कंटाळली नाहीस ना गं? ती म्हणायची, नाही पप्पा. खोटं कुठं बोलली ती?

त्या शेरॉन मॅडम. पुण्याच्या कॅम्पातल्या, नवरा इथं कंपनीत इंजिनिअर. बॅले शिकवतात. टीव्हीवर पांढऱ्या झग्यातल्या बाया भिंगरीसारख्या फिरतात ना, ते. मी माफी मागायला गेलो, पोरीला यापुढं आणणार नाही म्हणालो, तर त्यांनी माझ्या हातात एक छापील कागद ठेवला. 'बॅले प्रशिक्षणाचे मुलांना होणारे फायदे.' आधी वाचा, मग काय ते ठरवा, म्हणाल्या. करिश्मे, बारा फायदे! औषधाच्या बाटलीवर लिहितात तसे. असल्या कागदांवर माझा किती भरवसा आहे तुला माहीत आहे. मागं एका टॉनिकनं फुलं दुप्पट येणार होती, आला नुसता पाला. तो कागद मी फवारणीच्या तक्त्याशेजारी खिळ्याला टोचला आणि पडताळा घेत बसलो.

तोल सुधारतो म्हणे. तर ही एक दिवस भरली कळशी घेऊन हौदाच्या काठावरून चालली होती, थेंब सांडला नाही. मी ओरडलो, पण आधी बघत उभा राहिलो, हे तुझ्या वहिनीला सांगू नकोस. पाठ ताठ राहते म्हणे. जेवायला अशी बसते की आबासुद्धा नकळत भिंत सोडून सरळ बसायला लागलेत. एकाग्रता वाढून अभ्यासात प्रगती होते असं लिहिलंय; गणितात मार्क होते तेवढेच आहेत, खोटं कशाला सांगू. पण शेवंती तोडताना ती तोंडानं मोजते, एक-दोन-तीन-चार करत आठपर्यंत आणि परत एक, आणि आता तोडायला येणाऱ्या बायांनीही ती लय धरलीय. तोडा नऊच्या आत उरकतो. संध्याकाळी कांदाचाळीच्या बांबूला धरून गुडघे बाहेर काढत खाली बसते, वर येते, त्याला प्लिए म्हणतात. आई म्हणते, पोरीचे पाय फेंगडे व्हतील, मग करून कोण घेईल? आता हा फायदा का तोटा, मला काही कळंना. मी मात्र दर रविवारी तिला नेत राहिलो.

बारावा फायदा आत्मविश्वासाचा. तो वाढला आणि तिथंच माझी पंचाईत झाली. दिवाळीनंतर एकदा मॅडमनी मला थांबवलं. म्हणाल्या, हिच्या अंगात ताल आहे, तो काही मी शिकवलेला नाही; तुमच्या घरात कोणी नाचणारं होतं का? मी चटदिशी नाही म्हणालो. पोरगी शेजारीच उभी होती, माझ्या तोंडाकडं बघत.

आता तुझं लेझीम. ते कुठं आहे तुला माहीत आहेच, गोठ्याच्या फाटकाला. दांडा कधीच मोडला, पण आबांनी साखळी बांधली ती तशीच आहे. फाटक उघडलं की छुनछुन वाजतं, इतक्या वर्षांत माझ्या कानाला ते ऐकूच येईनासं झालं होतं. प्रांजलच्या कानाला आलं. तिनं आजीला विचारलं आणि आईनं सगळं सांगितलं. म्हणाली, तुझी आत्या शाळेच्या लेझीम पथकात साठ जणांच्या पुढं असायची, सर्जेराव सर म्हणायचे ही चुकली तर हलगीवालाच चुकला समजा, पुण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला नाव गेलं होतं. मग पोरगी माझ्याकडं आली, आत्यानं सोडलं का म्हणून. घरात सगळे सांगतात तेच मी सांगितलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, म्हणून आबांनी बंद केलं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मग पोरांना का नाही काढलं?" गुरांना पाणी दाखवायचंय म्हणून मी उठलो. गुरं केव्हाच पाणी पिऊन बसली होती.

येत्या रविवारी त्या हॉलमध्ये मॅडमचा कार्यक्रम आहे. घट्ट पायमोजे, वर पांढरा झगा, वैष्णवीनं तिच्या लग्नातल्या ओढणीची जाळी लावून शिवलाय. सगळं बरं चाललं होतं, पण काकांच्या सम्राटला काय अवदसा आठवली, सुट्टीवर आल्या आल्या त्यानं प्रांजलचा बांधावर गिरक्या घेतानाचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. निम्म्या गावानं अंगठे दिले आणि निम्मं गाव आबांच्या कानाला लागलं. आबा शुक्रवारी जेवताना म्हणाले, "बास झालं आता. तवा बी असंच झालं व्हतं, काय रं सुदर्शन?" मी मान हलवली. व्हय म्हणून हलवली का न्हाई म्हणून, माझं मलाच सांगता येणार नाही.

तेव्हापासून प्रांजल टाचा टेकवून चालते. रडली नाही, हट्ट केला नाही, एक शब्द विचारला नाही. नुसती घरभर धप धप. ज्या टाचा टेकाव्यात म्हणून मी डॉक्टर गाठला, त्या टेकल्या तर मला बघवंना. तूही तसंच केलं होतंस. भांडली नाहीस, दुसऱ्या दिवशी मान खाली घालून शाळेत गेलीस, आणि ती मान मग खालीच राहिली. बारावी झाली, तुला दौंडला दिलं. दाजी देवमाणूस आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण गेल्या वर्षी वैष्णवीच्या भावाच्या हळदीत डीजे लागला, साठीच्या बाया नाचल्या, आपली आई गुडघे दुखतात म्हणत म्हणत नाचली, आणि तू खुर्चीत बसून सगळ्यांच्या पर्सा सांभाळत होतीस. तुला ओढायला आल्या तर नको गं, लोकं बघतात, म्हणालीस. तुझा पाय मात्र खुर्चीखाली ठेका धरत होता. ते बघून मी तिथून उठलो आणि पंगतीत वाढायला गेलो.

आता हे पत्र कशाला, ते सांगतो. कार्यक्रमाच्या शेवटी प्रत्येक पोरीबरोबर घरातलं एक मोठं माणूस स्टेजवर येणार आहे, आठपर्यंत मोजायचं आणि पावलं टाकायची, चार वेळा. त्याचा फॉर्म आज प्रांजलच्या दप्तरात सापडला. मला वाटलं वैष्णवीचं नाव लिहिलं असंल. तर तिच्या अक्षरात होतं, 'करिश्मा आत्या, दौंड'. खाली पालकांच्या सहीची जागा मोकळी. सही मी केलीय. पण तुला ये म्हणायच्या आधी एक सांगितलंच पाहिजे, नाहीतर तू परत म्हणशील, नको दादा, लोकं शिट्ट्या मारतात. करिश्मे, शिट्ट्या कुणीच मारल्या नव्हत्या. तुझा ठेका सुरू झाला की पोरं गप्प उभी राहायची. त्या दिवशी सरांनी मला रांगेतून बाहेर काढलं होतं, पावलं चुकतात म्हणून, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, बहिणीकडं बघ जरा. दहावीतला मी, तू माझ्याहून लहान. घरी येईपर्यंत नुसता धुमसत होतो. आबा गोठ्यात होते, त्यांना म्हणालो, पोरं हिला बघून शिट्ट्या मारतात. तेवढंच एक वाक्य बोललो. दोन दिवसांनी खरं सांगू म्हणलं, तोवर आबांनी लेझीम फाटकाला बांधलं होतं, मग धीरच झाला नाही. एकोणीस वर्षं तू मान खाली घातलीस ती माझ्यामुळं. हे आबांना उद्या सकाळी सांगणार आहे, पण आधी तुला कळायला पाहिजे होतं. सम्राट उद्या दौंडवरनंच कुरकुंभला कामावर निघालाय, त्याच्या हाती पाठवतो. पाकीट चिकटवलंय, नाहीतर हेही ग्रुपवर टाकील. मला माफ कर म्हणायला तोंड नाही. काय शिव्या द्यायच्या त्या दे, माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, पण प्रांजलला नाही म्हणू नकोस. रविवारी सकाळी गाडी घेऊन तुला न्यायला येतो. तुम्ही दोघी स्टेजवर जा. पर्स माझ्याकडं दे, मी खाली बसून सांभाळतो.

तुझाच, अजून म्हणवून घेत असशील तर,
दादा
सुदर्शन