सादळलेलं दारूकाम

आई, तुझ्या केरबाचा दंडवत.

मी मावशीकडं झ्याक हाय. आपली म्हस व्याली का? मावशीच्या पोराचं, दौलूचं, बसऱ्याच्या लढाईवरनं लई दिस पत्र न्हाय.

दिवाळीचं दारूकाम बघायला समदी रंकाळ्यावर गेलतो. माझा दोस्त मौला बी आलता. पावसानं दारू सादळलेली. बाण फुस्स करून पाण्यात पडायचं, आन् आमी वरडायचो, “आरं, फुंकर मारा की!”

मावशी एकटीच हात जोडून हुबी. म्हनली, “अंबाबाई, दौलूच्या म्होरल्या तोफांची दारू बी आशीच सादळू दे.”

तिच्या मागं उडवायला खिशात फटाकडा ठेवलता, त्यो म्या गुपचूप रंकाळ्यात सोडला.

तिला चार दिस गावाकडं बोलाव की. तितं काय वाजत न्हाय.

तुझाच उनाड,
केरबा